शुक्रवारची चाळीस मिनिटं

१

पाचव्या शुक्रवारीही नळीतली रेघ जागची हलली नाही.

घड्याळात नऊ वाजून दहा झाले, वीस झाले, तीस झाले. काचेची कुपी साठ अंशांच्या पाण्यात बुडालेली होती. तिच्यातून वर आलेल्या केसासारख्या बारीक नळीत द्रवाची रेघ सुई टोचून अडकवल्यासारखी थांबली होती. चौघं जण तिच्याकडे बघत उभे होते, आणि कुणीच कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

नऊ चाळीसला रेघ हलली. मग मात्र शहाण्या मुलासारखी सरळ खाली उतरायला लागली.

"चाळीस मिनिटं," संचालक हालास म्हणाले. "पुन्हा चाळीस. हा प्रयोगही बाद."

१९८५ सालचा एप्रिल होता तो, आणि ब्रातिस्लाव्हाच्या टेकडीवरची ती पॉलिमरची प्रयोगशाळा. कुपीत पाणी, साबण, थोडा मद्यार्क आणि स्टायरीन नावाचं तेल असे. एरवी तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण प्रमाण अचूक साधलं, की तेलाचे थेंब इतके बारीक होतात की सगळं मिश्रण पाण्यासारखं नितळ दिसतं. उजेडासमोर धरलं तर जराशी निळसर झाक. त्यात चिमूटभर क्षाराचं द्रावण सोडून ऊब दिली, की तेलाचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि प्लास्टिकचे कण जन्माला येतात. केसाच्या जाडीत असे अडीच-तीन हजार कण ओळीने मावतील. तेलाचं प्लास्टिक होताना ते आक्रसतं, म्हणून नळीतली रेघ उतरते. रेघ कधी आणि किती वेगाने उतरली, यावरून कणांची जन्मवेळ कळते.

हे कण सगळे सुरुवातीलाच एकदम जन्मतात, की शेवटपर्यंत एकेक जन्मत राहतात, एवढा एकच प्रश्न घेऊन डॉक्टर दोब्रिना काराजोवा बल्गेरियातल्या प्लोव्हदिव्हहून इथे आल्या होत्या. बारा निर्दोष प्रयोग झाले, की उत्तर मिळणार होतं आणि त्या परत जाणार होत्या. बारापैकी अकरा केव्हाच झाले होते. बारावा काही केल्या होत नव्हता.

"हवा शिरली की उशीर होतो, हे इथे पोरासोरांनाही माहीत आहे," हालास म्हणाले. "म्हणजे एकतर काच गळते, नाहीतर कुपी धुताना हयगय होते. काच वेंडेलीनची. धुणं झोफियाबाईंचं."

वेंडेलीन कोर्पाश दाराशी उभा होता. तो शास्त्रज्ञ नव्हता. तळघरात त्याची भट्टी होती आणि या इमारतीतली प्रत्येक वाकडीतिकडी काच त्याने स्वतःच्या फुंकरीने घडवलेली होती. वय सत्तेचाळीस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

"माझी काच गळत नाही, साहेब," तो म्हणाला.

"मग उत्तर सरळ आहे. झोफियाबाई, एक जूनपासून तुम्ही कारखान्याच्या पिंपांच्या गोदामात. कागद तयार आहे, पुढच्या शुक्रवारी सही करतो."

झोफिया बाह्नोवाने हात पुसायचं फडकं टेबलावर ठेवलं. सत्तावीस वर्षं ती इथे काच धूत होती, निवृत्तीला तीन उरली होती.  तिने फडक्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"मला शुक्रवारपर्यंतचा वेळ द्या," वेंडेलीन म्हणाला. "माझ्या काचेवरही आळ आहेच की. मी शोधून काढतो."

दोब्रिनाबाईंनी मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ त्याला पुढे कितीतरी दिवस लावता आला नाही.

२

झोफिया धुण्याच्या मोरीपाशी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मला काय विचारायचं ते सरळ विचार, वेंडेलीन. मी शुक्रवारी दारू पिऊन येते का, असं विचार."

"तू सोमवारीही कुपी धुतेस ना?"

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. तीच कुपी, तोच ब्रश, तेच हात. सोमवारी बुधवारी दुसऱ्या मिश्रणांचे प्रयोग असतात, ते सगळे व्यवस्थित होतात. माझे हात काय फक्त शुक्रवारी घाण होतात?"

हे वेंडेलीनच्याही लक्षात आलं होतं. गळकी काच वार बघून गळत नाही.

"शुक्रवारी सकाळी काय काय होतं, ते क्रमाने सांग."

"आठ वाजता मी कुपी वाळवणीच्या पेटीतून काढून देते. साबण आणि मद्यार्क मी तोललेला असतो. तेल डॉक्टरीणबाईंनी गाळलेलं. क्षाराचं द्रावण इंजिनियर साहेबांचं. सगळं कुपीत गेलं की मी रबरी बूच बसवते. मग बुचातून सुया घालून तासभर नायट्रोजन सोडायचा, आतली हवा हाकलायला. नवाला पिचकारीने क्षार. झालं."

"तो तासभर तिथे कोण असतं?"

"मी खाली कँटीनमध्ये रोल आणायला जाते. सगळ्यांसाठीच आणते, मला एकटीला काही खायचं नसतं." ती थांबली. "इंजिनियर साहेब असतात इकडे तिकडे. आणि बाई असतात. बुडबुड्यांकडे बघत बसलेल्या असतात बिचाऱ्या."

"तुझा कुणावर संशय?"

"त्या इंजिनियर लेहोत्स्कीवर. त्याला ते गरम पाण्याचं टाकं स्वतःच्या प्रयोगांना हवं आहे. बाई गेल्या की ते त्याचं. आणि मी गेले की त्याच्या पुतणीला इथे चिकटवायला जागा."

जाता जाता वेंडेलीनने विचारलं, "वापरलेली बुचं कुठे टाकतेस?"

झोफियाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "टाकते? ती बुचं मिळायला आठ आठ महिने लागतात. मी काहीही टाकत नाही." तिने फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. आत कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येक पुडीवर तारीख. "धुवून, वाळवून ठेवते. बारीकसारीक कामाला चालतात."

"हा डबा दोन दिवस मला दे."

"परत मिळाला पाहिजे," झोफिया म्हणाली.

३

इंजिनियर इम्रिख लेहोत्स्की पायावर पाय टाकून बसला होता.

"या, मिस्त्री. तपास माझ्यापर्यंत पोचला म्हणायचा."

"टाकं तुम्हाला हवं आहे, असं कानावर आलं."

"हवंच आहे. मार्चपासून रांगेत उभा आहे मी. म्हणून तर मला ही मालिका एकदाची संपायला हवी. ती लांबवून माझा काय फायदा? जरा डोकं चालवा."

बोलणं खोचक होतं, पण खोटं नव्हतं. वेंडेलीनने टोपी मांडीवर ठेवली.

"क्षाराचं द्रावण तुमचं असतं."

"असतं. आणि तुमच्याआधी मलाही शंका आली होती. गेल्या शुक्रवारी उरलेले चारही पदार्थ घेऊन मी सोमवारी स्वतः प्रयोग लावला. मिनिटाचाही उशीर नाही. चारही शुद्ध. आणखी एक. तिसऱ्या शुक्रवारी मी प्रागला होतो, बुधवारपासून शनिवारपर्यंत. तेव्हाही एकोणचाळीस मिनिटं. विचारा साहेबांना, तेही बरोबर होते."

"पाचही वेळचा उशीर नेमका किती?"

लेहोत्स्कीने वही पुढे सरकवली. अडतीस. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस. चाळीस.

वेंडेलीन त्या आकड्यांकडे बघत राहिला. फट असती तर हवा आपल्या मनाने शिरली असती, कधी दहा मिनिटांची, कधी दीड तासाची. हे आकडे हवेचे नव्हते. हे कुणाच्या तरी हाताचे होते, आणि तो हात मोजून मापून काम करणारा होता.

"इंजिनियर साहेब, उशीर झाला तरी शेवटी कण कसे निघतात?"

"गंमत तीच आहे. उत्तम निघतात. आकार तोच, झाक तीच. फक्त सुरुवात कधी झाली ते ठाम सांगता येत नाही, म्हणून मोजमाप बाद." लेहोत्स्कीने पेन्सिल कानामागे खोचली. "मला घात करायचा असता ना, मिस्त्री, तर मी सगळी कुपी नासवली असती. हे म्हणजे शेजाऱ्याची गाय सोडून द्यायची, आणि वर तिला संध्याकाळी घरी परत आणून बांधायची."

४

बुधवारी दुपारी दोब्रिनाबाई तळघरात आल्या. त्या दर बुधवारी येत. पहिल्यांदा आल्या होत्या त्या मोडलेली नळी घेऊन. पुढे काही मोडलेलं नसतानाही येऊ लागल्या. वेंडेलीन भट्टीच्या कडेला लिंडनच्या झाडाच्या फुलांचा चहा उकळे, त्या गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा आणत. त्यांची स्लोव्हाक मोडकी होती, मधेच बल्गेरियन शब्द घुसत. त्याला ते शब्द कळत नसले तरी थांबवून अर्थ विचारायला त्याला आवडत नसे. बोलणं थांबलं की त्या उठून जातील अशी धास्ती वाटे.

आज त्यांनी चहाला हात लावला नाही.

"सापडलं काही?"

"थोडं थोडं."

"झोफियाबाईंचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही साहेबांना सांगाल ना? नक्की सांगाल?"

"सांगून काय होणार? दोष कुणाचा, ते त्यांना हवं आहे."

त्या भट्टीच्या ज्योतीकडे बघत होत्या. एक्कावन्न वर्षांच्या त्या बाईचे केस कानामागे पांढरे झाले होते, आणि दर सोमवारी त्यांच्या नाकावर उन्हाची किंचित लाली दिसे. ती कशाने, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्याकडे मुलं नाहीत, वेंडेलीन?"

"नाहीत. आम्हाला झाली नाहीत."

"हं," त्या म्हणाल्या. मग मुरंब्याची बाटली टेबलावर ठेवून उठल्या. जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज वर वर जात पार नाहीसा होईपर्यंत वेंडेलीन ऐकत उभा होता. हेही तो दर बुधवारी करत असे.

मग त्याने डबा उघडला. सोमवारचं एक बूच घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी ताणलं आणि ज्योतीसमोर धरलं. रबरातून उजेडाचे तीन ठिपके आले. दोन नायट्रोजनच्या सुयांचे, एक क्षाराच्या पिचकारीचा. बुधवारचं बूच, तीन ठिपके. दुसरं सोमवारचं, तीन.

मग त्याने शुक्रवारचं बूच घेतलं.

चार.

पाचही शुक्रवारच्या बुचांना चार चार भोकं होती.

५

गुरुवारी तो भट्टी न पेटवता नुसता बसून राहिला. एकेक गोष्ट त्याने काच जोडावी तशी जोडून पाहिली.

पदार्थ शुद्ध, कुपी शुद्ध. म्हणजे जे काही आत गेलं ते बूच बसल्यानंतर, आठ ते नऊच्या तासात, जास्तीच्या एका पिचकारीने गेलं. त्या वेळी झोफिया कँटीनमध्ये. लेहोत्स्की एकदा प्रागला, तरीही भोकं चारच. हालास साहेबही त्या वेळी प्रागलाच.

एकच माणूस उरत होतं.

ते नाव मनात आलं तेव्हा तो चकित झाला नाही. बुधवारपासून ते दाराबाहेर उभंच होतं, त्याने फक्त कडी काढली नव्हती. लेहोत्स्कीचं बोलणंही आता नीट समजलं. ज्याने हे केलं त्याला प्रयोग नासवायचा नव्हता. कण नीट जन्मावेत, आकार बिघडू नये, एवढी काळजी घेऊन त्याने फक्त वेळ मागून घेतला होता. आणि नेमका शुक्रवारच का? परक्या माणसाच्या मुक्कामाच्या परवान्यावर शुक्रवारी दुपारी शिक्का बसे. सकाळी प्रयोग बाद झाला, की दुपारी साहेबांच्या कचेरीतून आणखी एका आठवड्याची सही मिळे. पाच शुक्रवार म्हणजे पाच आठवडे.

दोब्रिना काराजोवांना इथून जायचं नव्हतं.

का? इथे त्यांचं कोण होतं? खोलीत एक पलंग, प्रयोगशाळेत तिघं माणसं, आणि बुधवारचा चहा.

वेंडेलीन उठला, मोरीवरच्या आरशाच्या तुकड्यात त्याने स्वतःला पाहिलं. भाजलेली बोटं, भट्टीने पिवळसर झालेल्या भुवया. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला नवा शर्ट घ्यावासा वाटला. मग झोफियाचं फडकं आठवलं, आणि आपल्या आनंदाची त्याला लाज वाटली. पण आनंद गेला नाही.

शुक्रवारचा प्रयोग लागलाच नाही. वेंडेलीनने सांगितलं, कुपीला मी नवी मान जोडतोय, सोमवारपर्यंत थांबा. हालास साहेब कुरकुरले, पण थांबले. झोफियाच्या कागदावरची सहीही थांबली, आणि परवान्यावर आणखी एक आठवडा चढला. तो आठवडा आपण कुणासाठी मिळवला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

६

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो त्यांच्या वसतिगृहावर गेला. दारावरची म्हातारी विणकाम करत होती.

"बल्गेरियन बाई? त्या रविवारी कधी असतात? सकाळच्या बसने देवीनला जातात. पाऊस असो, बर्फ असो."

"एकट्याच?"

"एकट्याच जातात, एकट्याच येतात. तुम्ही कोण त्यांचे?"

वेंडेलीनने पुढच्या बसची वेळ विचारली.

देवीनच्या कड्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. खाली मोरावा नदी डॅन्यूबला मिळते. अलीकडच्या काठाला काटेरी तारांचं कुंपण आणि पहारा. पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा, तिथे नुसतं कुरण आणि झाडं. मोरावा तिथे फार रुंद नाही. दगड भिरकावला तर पोचणार नाही, पण माणसाचा चालण्याचा ढंग ओळखू येतो.

दोब्रिनाबाई कठड्यापाशी उन्हात उभ्या होत्या. हात कोटाच्या खिशात. त्या हलत नव्हत्या, हात उंचावत नव्हत्या, नुसत्या पलीकडे बघत होत्या. वेंडेलीनने त्यांच्या नजरेची दिशा धरली. पलीकडच्या कुरणात निळ्या कोटातली एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उभी होती. तिने गाडीतून मूल उचललं, छातीशी धरून इकडे तोंड करून दाखवलं, मग गवतावर उभं केलं. मूल धपकन बसलं. तिने पुन्हा उभं केलं. ते पुन्हा बसलं.

वेंडेलीनचा शर्ट मानेशी आवळत होता. त्याने वरचं बटण काढलं. बुधवारचा चहा त्याने इतक्या लांबपर्यंत वाहून आणला होता, तो त्याने तिथेच, त्या दगडांत, मनातल्या मनात खाली ठेवला.

"बाई," तो हळूच म्हणाला.

त्या दचकल्या नाहीत. "चार भोकं सापडली ना?" त्या म्हणाल्या. नजर पलीकडेच होती. "तुम्ही परवा मान जोडायचं सांगितलंत, तेव्हाच कळलं मला. मानेला काहीच झालेलं नव्हतं."

"आत काय सोडत होता तुम्ही?"

"पाणी. नळाचं साधं पाणी, पाच मापं, नायट्रोजन बंद करून अगदी शेवटी. त्यात विरघळलेली हवा असते, ती क्षाराची सुरुवातीची ताकद खाऊन टाकते. ती संपली की पुढे सगळं सुरळीत. पाच मापांची चाळीस मिनिटं होतात, हिशेब केला होता मी."

"आणि ती कोण?"

"इस्क्रा. माझी मुलगी." हे नाव त्यांनी असं उच्चारलं की जणू कितीतरी दिवसांनी तोंडातून बाहेर पडत होतं. "सहा वर्षांपूर्वी नदीवरच्या जहाजावर स्वयंपाकघरात कामाला होती. व्हिएन्नाच्या धक्क्यावर उतरली, ती परत चढलीच नाही. पळून गेलेल्या मुलीच्या आईला पलीकडे जाण्याचा परवाना या जन्मात मिळत नाही. इथला मिळाला. जहाजावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून तिला निरोप पाठवला, रविवारी कुठे उभं राहायचं त्याचा. हात हलवायचा नाही, दुर्बीण आणायची नाही. पहारेकरी खाली बोलावून नावगाव विचारतात."

"आणि ते मूल?"

"नात. माझंच नाव ठेवलंय म्हणे. मी आले तेव्हा गाडीत आडवी असायची. मग बसायला लागली. मग गाडीला धरून उभी राहायला लागली." त्या थांबल्या. "मला एवढंच बघायचं होतं, वेंडेलीन. तिला चालताना. आज चालेल, पुढच्या रविवारी चालेल, असं करत करत पाच शुक्रवार मी खोटं बोलले. माझ्या खोट्याचा नांगर एका बाईच्या संसारावरून फिरतोय, हे मला त्या दिवशी झोफियाबाईंच्या हातातलं फडकं बघेपर्यंत सुचलं नाही. म्हणजे सुचलं असेल. मी सुचू दिलं नाही."

पलीकडच्या बाईने मुलाला गाडीत ठेवलं. जाण्याआधी ती थोडा वेळ हात खाली सोडून इकडे बघत उभी राहिली. मग गाडी वळली.

"तुम्ही साहेबांना काय सांगणार?" दोब्रिनाबाईंनी विचारलं.

"मी काहीच सांगणार नाही. पण झोफियाची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या मीच सांगते. नदीबद्दल नाही, पाण्याबद्दल."

खाली बसच्या थांब्यावर दोघं अंतर ठेवून उभे राहिले, कारण तिथे एक पहारेकरी सिगारेट ओढत होता. बस आली तेव्हा वेंडेलीनने त्यांना खिडकीकडची जागा दिली. 

७

सोमवारी दोब्रिनाबाईंनी हालास साहेबांच्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद ठेवला. पाचही प्रयोगांत नायट्रोजनने शुद्ध न केलेलं पाणी आपल्या हातून कुपीत गेलं. काच आणि स्वच्छता दोन्ही निर्दोष.

"पाच वेळा?" साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या हातून? पाच वेळा?"

"हो."

"का?"

"माझी चूक."

साहेबांनी वेंडेलीनकडे पाहिलं. वेंडेलीनने काच बघतात तसं खिडकीकडे पाहिलं. हालास काही मूर्ख नव्हते. या शहरात काही प्रश्न पुढे विचारू नयेत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी झोफियाचा कागद घेतला, मधोमध फाडला आणि म्हणाले, "हा शेरा तुमच्या संस्थेला कळवावा लागेल, डॉक्टर. पुन्हा तुम्हाला कुठे पाठवतील असं वाटत नाही."

"मलाही वाटत नाही."

बारावा प्रयोग शुक्रवारी लागला. नऊला क्षार गेला आणि नऊ वाजून एका मिनिटाला रेघ उतरायला लागली. लेहोत्स्कीने दर दहा मिनिटांनी नमुने काढले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेवटच्या नमुन्यातही अगदी बारके, नुकते जन्मलेले कण दिसले, मोठ्यांच्या गर्दीत. ते शेवटपर्यंत जन्मतच होते. दोब्रिनाबाईंनी वहीत तसं लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

झोफिया दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. संध्याकाळी मेणकागदात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आली. आत तळलेलं मांस आणि पाव होता.

"मी काही माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण मंगळवारी परत जाताना गाडीत दीड दिवस उपाशी कशाला बसायचं. हे सोमवारी पुन्हा ताजं करून देईन. आज फक्त चव बघा, मीठ बरोबर आहे का."

दोब्रिनाबाईंनी उभ्या उभ्या एक तुकडा खाल्ला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पुडक्याचा कागद पुन्हा बांधू लागल्या. झोफियाने पाण्याचा पेला पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

शेवटच्या रविवारी त्यांनी वेंडेलीनला बरोबर बोलावलं. नात गाडीची कड धरून उभी राहिली, एक हात सोडला, पुन्हा धरला. तासभर दोघं बघत होते. ती चालली नाही.

"मी मंगळवारी जातेय, हे तिला कळवता आलेलं नाही," दोब्रिनाबाई म्हणाल्या. "निरोप पोचायला महिना लागेल."

मंगळवारी स्टेशनवर वेंडेलीनने त्यांची पेटी वर चढवली. त्याला पुष्कळ काही सांगायचं होतं. गाडीने शिट्टी दिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नळी मोडली तर पाठवा. पार्सलाने येते."

त्यांनी खिडकीतून त्याच्या भाजलेल्या बोटांवर हात ठेवला, गाडी सुटेपर्यंत.

८

पुढच्या रविवारी तो देवीनला गेला. का गेला, हे त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी येईल, कड्याकडे बघेल आणि कडा रिकामा असेल, एवढा एक विचार त्याला आठवडाभर झोपू देत नव्हता.

निळा कोट आला. बाबागाडी थांबली. त्या तरुण बाईने वर पाहिलं आणि तिचे हात गाडीवरच राहिले. वेंडेलीन दोब्रिनाबाईंच्या नेमक्या जागेवर उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली. शोकाची खूण वाटू नये म्हणून लगेच पुन्हा घातली, आणि हसला. इतक्या लांबून हसणं दिसत नसणार, हे कळत असूनही हसत राहिला.

ती बराच वेळ बघत होती. मग वाकली, मूल उचललं, गवतावर ठेवलं आणि दोन्ही हात काढून घेऊन मागे सरली.

मूल उभं राहिलं. डुललं. आणि चालायला लागलं.

त्या संध्याकाळी वेंडेलीनने आयुष्यातलं पहिलं पत्र प्लोव्हदिव्हला लिहिलं. कुणी वाचलं तरी हरकत नव्हती. त्यात कुणाचं नाव नव्हतं, नदी नव्हती. "रविवारी छोटी नऊ पावलं चालली. दहाव्याला बसली. रडली नाही. इकडे लिंडनची झाडं फुलायला आली आहेत."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. दरम्यानच्या तिन्ही रविवारी तो जाऊन आला होता. एका रविवारी पावसामुळे पलीकडे कुणी आलं नाही. तरी तो संध्याकाळपर्यंत थांबला होता.

पाकीट पातळ होतं. कागदावर एकच ओळ होती, चांगल्या स्लोव्हाकमध्ये, कुणाकडून तरी तपासून घेतलेली:

"पहिलं पाऊल कोणतं टाकलं, उजवं की डावं?"

वेंडेलीनने भट्टी मंद केली, डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. कुरण दिसलं, निळा कोट दिसला, डुलणारं डोकं दिसलं. पाय काही आठवेनात.

रविवारला अजून चार दिवस होते.